दोन्हीकडे तीन नंबर माझा

२ मार्च, सोमवार

आजपासून कामाची रोज नोंद. कुणाला दाखवायला नाही. पुढेमागे या विषयावर मराठीत एक नीट पुस्तक लिहायचं आहे, त्याला कच्चा माल म्हणून.

प्रसंग असा. आमची कंपनी वजनकाटे विकते आणि दुरुस्त करते. मुख्य ऑफिस इथे, पडद्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर. शाखा नदीपलीकडे, गोदामाला लागून. रोज संध्याकाळी शाखेतला हिशेब आणि तपासलेल्या काट्यांचे आकडे पेनड्राइव्हवर घालून एक माणूस स्कूटरवरून इकडे आणतो. शुक्रवारी तो पेनड्राइव्ह वाटेत पडला. गिऱ्हाइकांची सगळी माहिती रस्त्यावर. मालकांचा चेहरा सकाळपासून आंबलेला. मला बोलावून म्हणाले, मास्तर, दोन्ही ऑफिसं कायमची जोडून टाका, महिनाअखेरपर्यंत. जमेल, का बाहेरून माणूस बोलावू?

बाहेरून माणूस! या इमारतीत पहिली केबल ओढली ती मी. शिडीवर उभा राहून, तोंडात खिळे धरून. कोर्स नाही, क्लास नाही, गुरू नाही. काटे दुरुस्त करता करता स्वतःच्या डोक्याने शिकलो. मी नुसता हसलो आणि म्हणालो, आठवडा पुरे.

मी दारात पोचल्यावर मालक मागून म्हणाले, एकदा जोडणी झाली की कॉम्प्युटर बघायला दोन ठिकाणी दोन माणसं कशाला, तेही ठरवू.

शाखेत ते काम माझी मेहुणी बघते. बायकोची धाकटी बहीण. मीच शब्द टाकून तिला तिथे चिकटवली होती. बिचारी. नोकरी जाणार तिची. वाईट वाटतं, पण मालकांच्या निर्णयात मी कशाला पडू?

बायकोला इतक्यात सांगायचं नाही.

३ मार्च, मंगळवार

पुस्तकासाठी. व्हीपीएन म्हणजे काय? इंटरनेट हा सार्वजनिक रस्ता. त्यावरून कागद उघडे नेले तर कुणीही वाचील. म्हणून रस्त्याखालून आपल्यापुरतं भुयार काढायचं. दोन्ही तोंडांशी दोन राउटर, म्हणजे पहारेकरी. परवलीचा शब्द फक्त त्या दोघांना माहीत. झालं. (पहिलं प्रकरण जवळजवळ संपलं की!)

पाया मी कधीच घालून ठेवलेला आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. नेटवर्कमध्ये प्रत्येक मशीनला पत्ता लागतो, म्हणजे नंबर. आजकालचे लोक ते राउटरवर सोडून देतात आणि राउटर मनाला येईल तो नंबर वाटत सुटतो, आज हा, उद्या तो. माझ्याकडे असला कारभार चालत नाही. एकूण एक नंबर मी हाताने दिला आहे, हुद्द्याप्रमाणे, आणि प्रत्येक मशीनवर माझ्या अक्षरात स्टिकर आहे. एक नंबर राउटरला द्यावाच लागतो, नाहीतर मालकांना दिला असता. मालक दोन. मी तीन. अकाउंट्सच्या बाई वीस. प्रिंटर शंभर, कारण यंत्राने माणसांत मिसळू नये. सात नंबर आमच्या जुन्या फोरमनचा होता. ते गेल्यावर तो कुणाला दिला नाही. देणारही नाही.

शाखा उघडली तेव्हा तिथेही हीच पद्धत आणि हेच नंबर, आकड्याला आकडा. दोन म्हणजे साहेब, वीस म्हणजे हिशेब, शंभर म्हणजे प्रिंटर. डोळे मिटून कुठल्याही ऑफिसात शिरावं. तीन नंबर तिथे रिकामा ठेवला आहे, मी जाईन तेव्हा माझ्यासाठी. सहसा जात नाही, ती गोष्ट वेगळी.

५ मार्च, गुरुवार

मेहुणीला फोन करून योजना सांगितली. तिने मध्येच तोंड घातलं. म्हणाली, भाऊजी, एक अडचण येईल बघा, दोन्हीकडचे नंबर सारखेच आहेत, आधी एका बाजूचे जर आपण... मी तिथेच थांबवलं. म्हटलं, अगं, सारखे आहेत म्हणून तर जुळतील! ती म्हणाली, बरं.

तिच्याकडे चार सर्टिफिकेटं आहेत, फ्रेम केलेली. ओल आलेली भिंत झाकायला बरी पडतात.

६ मार्च, शुक्रवार

राउटर आले. दोन, अगदी जुळे. सोबत इंग्रजीत जाडजूड पुस्तिका. बाजूला ठेवली. पुस्तिका वाचून काम करायला मी काय सर्टिफिकेटवाला आहे?

परवलीचा शब्द तयार केला. याला 'की' म्हणतात. बत्तीस अक्षरं. मोठी, छोटी, आकडे, मध्ये एक उद्गारचिन्ह. कागदावर लिहायची नाही. मेलवर नाही, फोनवर नाही. पाठ करायची आणि स्वतः जाऊन शाखेच्या राउटरमध्ये घालायची. जगात ती फक्त एका डोक्यात राहील. याहून सुरक्षित तिजोरी दाखवा.

८ मार्च, रविवार

पाठांतर. आंघोळ करताना सहा वेळा, झाडांना पाणी घालताना आठ वेळा, मोठ्याने. मोठ्याने म्हटल्याशिवाय मला पाठ होत नाही, लहानपणापासून.

बायको म्हणाली, अहो, काय मंत्र लावलाय सकाळपासून, माझ्यासुद्धा तोंडात बसला. म्हटलं, ऑफिसची गुप्त बाब आहे, कान देऊ नकोस. ती म्हणाली, कान काय बंद करून ठेवू?

नंतर ती गॅलरीत जाऊन तासभर बहिणीशी फोनवर बोलत बसली. रोजचंच आहे. इकडे शिंकलं तर तिकडे रुमाल काढतात. दोन बहिणी रोज एवढं काय बोलतात हे एक गूढच. मुद्द्याचं काही नसणारच.

१० मार्च, मंगळवार

बसने शाखेत गेलो. राउटरच्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढलं. मेहुणी म्हणाली, मी थांबले तर चालेल का, काही लागलं सवरलं तर. म्हटलं, थांब, पण भिंतीकडे तोंड करून. राहिली उभी. आज्ञाधारक आहे, तेवढं म्हणायला हवं.

की घालायला बसलो. एकोणिसाव्या अक्षराशी गाडी अडली. उन्हातून आल्यामुळे असेल. मोठं 'के' का छोटं? मी डोळे मिटून पुटपुटत होतो, तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला, मोठं आहे भाऊजी, मग उद्गारचिन्ह.

मोठंच निघालं. मग उद्गारचिन्हही.

परत येताना बसमध्ये यावर विचार केला. योगायोग. कधीकधी अंदाज लागून जातो माणसाचा. की बदलण्याची गरज नाही, पुन्हा पाठ करावी लागेल.

११ मार्च, बुधवार. सकाळी अकरा

हिरवा दिवा लागला! दोन्ही राउटरवर! भुयार खणून झालं.

मालकांना दुपारी प्रात्यक्षिक दाखवणार. अकाउंट्सच्या बाईंना सांगितलं, आज इतिहास बघायला मिळेल. त्या म्हणाल्या, मास्तर, तेवढं माझं कॉम्प्युटर हळू चालतंय ते आधी बघता का?

त्याच दिवशी, संध्याकाळी

तपशील जसा घडला तसा लिहितो, कारण लोक उद्या वेगळं सांगतील.

आधी पिंग. पिंग म्हणजे हाक. इथून पलीकडच्या मशीनला हाक मारायची, ते 'ओ' देतं. मी शाखेच्या वीस नंबरला, म्हणजे तिथल्या हिशेबाच्या मशीनला हाक मारली. ताबडतोब 'ओ' आली. इतकी ताबडतोब, की मालकांना सांगितलं, बघा, नदी ओलांडून गेली आणि आली, एका मिलिसेकंदाच्या आत. मालकांना शंका भारी. त्यांनी मेहुणीला फोन लावला आणि म्हणाले, तुमच्याकडचं ते वीस नंबरचं मशीन जरा बंद करा पाहू. तिने बंद केलं. मी पुन्हा हाक मारली. तरीही 'ओ'!

मशीन बंद असतानाही उत्तर! मी मालकांना म्हटलं, अशी मजबूत जोडणी आपण पाहिली होती का?

मग छपाई. मी आधीच एक पान तयार ठेवलं होतं, ठळक अक्षरात: 'मुख्य कार्यालयाकडून शाखेस सप्रेम नमस्कार.' शाखेच्या शंभर नंबरला, म्हणजे तिथल्या प्रिंटरला पाठवलं. फोनवर मेहुणीला विचारलं, निघालं का? ती म्हणाली, नाही. पुन्हा पाठवलं. नाही. पुन्हा. तेवढ्यात अकाउंट्सच्या बाई माझ्या पाठीमागच्या आमच्याच प्रिंटरजवळून आल्या आणि तीन पानं माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, नमस्कार पोचला हो मास्तर.

मालकांना समजावलं की प्रिंटर कधीकधी जवळचा रस्ता धरतो. ते शेवटी म्हणाले, मला शाखेचा स्टॉक दिसायला हवा, बाकी हाका मारत बसू नका. स्टॉकचा प्रोग्रॅम उघडला. पांढरा पडदा. काही नाही.

दिवा मात्र हिरवाच होता. शेवटपर्यंत.

१३ मार्च, शुक्रवार

कारणं शोधली. एक, शाखेकडची वीज कमीजास्त होते. दोन, गोदामातली धूळ. तीन, मी शाखेतून परत आल्यावर मेहुणीने काहीतरी हात लावला असणार. तिसरं कारण सर्वांत पटण्याजोगं.

राउटरच्या कंपनीला फोन केला. पलीकडून कोवळा आवाज. अडचण पुरती ऐकूनही घेतली नाही, म्हणाला, सर, दोन्हीकडचे पत्ते वेगवेगळे आहेत ना? म्हटलं, मुळीच नाहीत, शिस्तीने एकसारखे ठेवले आहेत. तो म्हणाला, मग कसं चालेल सर, तुमचं मशीन वीस नंबर म्हटलं की आपल्याच ऑफिसातला वीस बघणार ना, भुयाराकडे जाईलच कशाला?

फोन ठेवून दिला. वय काय, बोलतो काय.

नमस्काराची पानं आता बरीच साठली आहेत. अकाउंट्सच्या बाई त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर बेरजा करतात.

१५ मार्च, रविवार

जेवताना बायको सहज बोलल्यासारखी बोलली. म्हणाली, अहो, ती म्हणत होती, एका बाजूचे नंबर बदलले की झालं, एका दुपारचं काम आहे म्हणे.

म्हटलं, आता नेटवर्क मी स्वयंपाकघरातून शिकायचं का? बायको म्हणाली, मग कुठून शिकणार, ऑफिसात तुम्हाला कुणी सांगायला धजत नाही. म्हटलं, तुम्ही दोघी माझ्या पाठीमागे माझं काम वाटून घेता. ती म्हणाली, पाठीमागे कुठे, तुमच्या तोंडावरच सांगतेय की. गेली कित्येक वर्षं तोंडावरच सांगतेय, पोचत नाही एवढंच.

ताटावरून उठलो. नंतर भूक लागली म्हणून पुन्हा बसलो.

नंबर बदला! जणू नंबर म्हणजे पायातली चप्पल. फोरमनच्या साताचं काय करू? मालकांना एकदम एकशे दोन म्हणू? आणि मी तीन आहे. पहिली केबल ओढली त्या दिवसापासून तीन आहे. शाखेतही तीनच आहे.

संकल्प: नंबर बदलणार नाही. चूक जिथे असेल तिथून शोधून काढीन.

१६ मार्च, सोमवार

मालकांनी विचारलं. 'होत आलंय' म्हटलं.

१७ मार्च, मंगळवार

मालकांनी विचारलं. 'झाल्यातच जमा आहे' म्हटलं.

१८ मार्च, बुधवार

चूक सापडली. शाखेत जाऊन स्वतः एकेक मशीन तपासलं. सगळे स्टिकर जागच्या जागी, फक्त तीन नंबर सापडेना. तो रिकामा आहे हे मला माहीत, पण हाक मारली तर 'ओ' येत होती. कोण आहे हा? वायर हातात धरून खोलीखोलीतून तिच्या मागे गेलो. जिन्याखाली पोचलो. तिथे भिंतीवर हजेरीचं मशीन. लोक सकाळी बोट टेकवतात ते.

माझा नंबर. हजेरीच्या मशीनला!

मेहुणीला जाब विचारला. ती म्हणाली, भाऊजी, तेवढाच मोकळा दिसला, तुम्ही इतकी वर्षं आला नाहीत ना. कसला खुलासा हा! मी तिथल्या तिथे मशीनची वायर उपटली आणि तीन नंबर पुन्हा मोकळा केला. तिथली माणसं बघत होती. बघू देत. तत्त्व म्हणजे तत्त्व.

जोडणीतला बिघाड बहुधा यामुळेच होता. घरी येताना मन हलकं झालं होतं.

१९ मार्च, गुरुवार

बिघाड यामुळे नव्हता.

शिवाय शाखेत आज सकाळी कुणाचीच हजेरी लागली नाही. सगळी शाखा गैरहजर. त्यांनी मालकांना फोन केले. एकाने म्हणे विचारलं की आम्ही कामावर आहोत हे आता कुणाला विचारायचं. किती कांगावा. वायर परत लावायला दोन मिनिटं लागतात. कुठली वायर कुठे, हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, हा काय माझा दोष?

मेहुणीने मिनिटभरात लावली, असं बायकोकडून कळलं.

२० मार्च, शुक्रवार

मालकांनी बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल.

म्हणाले, मास्तर, तुम्ही फार दगदग केलीत, आता हे शाखेतून होऊ द्या. मी सांगितलं, माझी हरकत नाही, तिच्या डोक्यावर माझा हात असेलच. मालक म्हणाले, हात नको. कशालाच हात नको. सोमवारपर्यंत फक्त कशाला हात लावू नका.

थोडक्यात, मालकांनी माझ्यावरचा भार हलका केला. मोठं काम करणाऱ्याने बारीकसारीक कामं खालच्यांवर सोपवायची असतात. हे मी आधीच करायला हवं होतं.

२१ मार्च, शनिवार

दुपारी घरी. बायको आनंदात. कशाबद्दल विचारलं तर म्हणाली, काही नाही. तिच्या फोनवर सारखे मेसेज. एकदा हसलीसुद्धा.

मी पुस्तकाचं दुसरं प्रकरण घ्यायला बसलो. मथळा सुचला नाही.

२३ मार्च, सोमवार

सकाळी नऊला ऑफिसात पोचलो. कुणी हात लावलेला नसताना प्रिंटर आपोआप सुरू झाला. एक पान बाहेर आलं. अकाउंट्सच्या बाईंनी उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं: 'भाऊजी, पोचलं का?'

पलीकडून आलं होतं. शाखेतून. भुयारातून.

मालक धावत आले. स्टॉकचा प्रोग्रॅम उघडला. शाखेतला एकेक काटा पडद्यावर, किती टनी, कितीला तपासला, कुणी सही केली, सगळं. मालक खुर्चीत मागे टेकून म्हणाले, वा! हा शब्द त्यांच्या तोंडून मी फार वर्षांनी ऐकला. मागे ऐकला होता तेव्हा मी शिडीवर होतो.

चौकशी केली. तिने शनिवारी दुपारी शाखेतले सगळे नंबर बदलले. माझी की तीच ठेवली आहे. म्हणजे पाया माझाच.

पानाला उत्तर दिलं नाही. रीतीप्रमाणे तिने आधी फोन करायला हवा होता.

पान मात्र टाकलं नाही. ड्रॉवरमध्ये ठेवलं. नमुना म्हणून, पुस्तकासाठी.

२५ मार्च, बुधवार

आता पुढचा प्रश्न. जोडणी झाली, म्हणजे दोन माणसांतलं एक जाणार. मेहुणीला हा धक्का कसा बसेल, याचा विचार करून झोप उडाली आहे. शेवटी घरचं माणूस. ठरवलं, मालकांना सांगायचं, तिला माझ्या हाताखाली ठेवा. पगार थोडा कमी झाला तरी चालेल म्हणेल ती. मुलगी कष्टाळू आहे, नीट वळण लावलं तर तयार होईल.

बायकोला आज हे सांगून टाकलं. म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी शब्द टाकीन. ती कणीक मळत होती. हात थांबले तिचे. म्हणाली, तुम्हाला खरंच काही कळलेलं नाही? म्हटलं, काय? ती म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, जेवून घ्या आधी. मग म्हणाली, ती रडत होती हो परवा फोनवर.

रडणारच. तेच तर मी म्हणतोय.

२७ मार्च, शुक्रवार

मालकांनी आज बसा म्हटलं. चहासुद्धा मागवला. वाक्यन्‌वाक्य नीट लक्षात ठेवलं आहे, तसंच उतरवतो.

म्हणाले, मास्तर, आता सगळं शाखेतून बघितलं जाईल, दोन्ही ऑफिसं. तुमच्या मेहुणीने फार गळ घातली की भाऊजींना कुठे काढू नका, नाहीतर मी हे काम घेणार नाही. आम्हालाही तुम्हाला काढायचं नाही. तुमचा हात मुळात काट्यांवरचा. खाली वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर माणूस हवाच आहे. पगार तोच. तुमची खोली रद्दीला होईल. कसं?

मी म्हटलं, विचार करून सांगतो.

मालक म्हणाले, सोमवारपासून.

माझ्या टेबलाशी बसून विचार केला. तपासणीचं टेबल म्हणजे कंपनीचा कणा. काटा ग्रॅमभर चुकला तर गिऱ्हाईक उलटून पडतं. तिथे अचूक माणूस हवा, हे मालकांनी ओळखलं. नेटवर्क काय, कुणीही बघेल. आता तर ते आपोआपच चालतं.

चहा थंड झाला होता. प्यायलो.

मेहुणीचा फोन आला दुपारी. उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा आला. बायकोने उचलला आणि गॅलरीत गेली. आज फार वेळ बोलल्या नाहीत.

३० मार्च, सोमवार

तपासणीचं टेबल. उंची पूर्वीपेक्षा कमी वाटते. वजनं तीच, पेटी तीच, चिमट्याने उचलायची. पहिला काटा दोन ग्रॅमने मागे होता. बरोबर केला. कुणी वा म्हणालं नाही. इथे तशी पद्धत नव्हतीच.

माझं जुनं कॉम्प्युटर खाली आणून दिलं. मेहुणीने इकडच्या ऑफिसातले नंबरही आता राउटरवर सोडले आहेत. कुठल्या मशीनला कुठला येईल ते राउटर ठरवतं. बघितलं. मला एकशे सतरा आला आहे. उद्या वेगळाही असू शकतो.

प्रिंटर तेवढा पक्का शंभर ठेवलाय. कारण विचारलं तर म्हणे, प्रिंटरला पक्का पत्ता लागतो, नाहीतर तो कुणाला सापडत नाही.

३१ मार्च, मंगळवार

शाखेतून सगळ्यांना मेल: मशीनवरचे जुने नंबरांचे स्टिकर काढून टाकावेत, त्यामुळे गोंधळ होतो. मालकांनी ते काम माझ्याकडे दिलं. कुठे कुठे लावले आहेत हे फक्त मला माहीत. शेवटी माहीतगार माणूस लागतोच.

नखाने काढले. निघेनात तिथे अकाउंट्सच्या बाईंनी नेलपॉलिश पुसायचं औषध दिलं. म्हणाल्या, मास्तर, अक्षर मात्र सुंदर हो तुमचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्हणाल्या. मालकांचा दोन निघाला. वीस निघाला. फोरमनचा सात अख्खा निघाला, एक कोपरासुद्धा फाटला नाही. तो खिशात ठेवला.

बायकोने डबा दिला होता, त्यात चिठ्ठी नाही, निरोप नाही, फक्त दोन माणसांचं जेवण. दुसरं कुणासाठी, म्हणून फोन केला. म्हणाली, ती येणार आहे दुपारी तिकडे, तुमच्याबरोबर जेवीन म्हणाली. वाट बघा.

आली. मी तीन काढत होतो. ती जवळ उभी राहिली. यावेळी भिंतीकडे तोंड करायला मी सांगितलं नव्हतं, तरी तिने केलं.

वरचा अर्धा निघाला. खालचा काही केल्या निघेना.

गोंद चांगला होता. मीच निवडला होता.